झेंडूच्या माळेखालचं कार्ड

खंडेनवमीला भोसरी-चाकणच्या शेडमध्ये लेथ, प्रेस, सीएनसी यांच्याबरोबर ऑफिसातल्या डेस्कटॉपलाही हळदकुंकू लागतं, कॅबिनेटवर झेंडूची माळ चढते. आणि त्याच कॅबिनेटमधलं वायफाय कार्ड दिवाळीआधीच दगा द्यायला लागतं. मग पूजेचं काय झालं?

प्रश्न थट्टेचा वाटेल. पण मिथिलेच्या गंगेशाचा 'तत्त्वचिंतामणि', नव्यन्याय या तर्कशास्त्राचा चौदाव्या शतकातला मूळ ग्रंथ, अशाच प्रश्नाने सुरू होतो: आरंभी मंगल, म्हणजे देवाला वंदन, केल्याने ग्रंथ तडीस जातो का? आक्षेप रोखठोक होता. बाणभट्टाने 'कादंबरी'त मंगल केलं, तरी ती त्याच्या हातून अपुरीच राहिली. मुलाने पुरी केली. उलट नास्तिकांचे ग्रंथ मंगलाशिवाय पुरे झाले. नव्या नैयायिकांचं उत्तर असं, की मंगलाचं फळ फक्त विघ्ननाश. ग्रंथ पुरा होतो तो लेखकाच्या बुद्धी-प्रतिभेने. आणि नास्तिकांचं काय? त्यांनी मागल्या जन्मी मंगल केलं असणार!

ही पळवाट ओळखीची आहे. दोष सापडला नाही की मेकॅनिकही म्हणतो, 'लाइनमध्येच प्रॉब्लेम असेल.'

चांगला मेकॅनिक उपाधी, म्हणजे आड लपलेली अट, शोधतो. जिथे अग्नी तिथे धूर, हे न्यायशास्त्राला मान्य नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाला धूर नसतो. फोर्जिंग शॉपमधल्या माणसाला हे सांगायला नको. धूर यायला लाकूड ओलं लागतं, आणि ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी.

वायफायचंही तसंच. कार्ड काढून, पुसून परत बसवलं आणि नेट आलं, तर गुण पुसण्याचा की त्यानिमित्ताने मशीन बंद-चालू झाल्याचा? एकदा नुसतंच बंद-चालू करून पाहावं. नेट जेवणाच्या सुट्टीतच जात असेल, तर संशय कँटीनच्या मायक्रोवेव्हवर. तोही वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. यूएसबी ३ ला लावलेली हार्ड डिस्कही तिथेच गोंगाट करते. अँटेना कॅबिनेटमागे पत्र्याला चिकटला असेल, तर वायर लावून टेबलावर आणावा. ड्रायव्हरमधली वीज वाचवायची सोय बंद करावी, राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहावा. पण एका वेळी एकच बदल. दोन केले की अन्वयही (हे असलं की ते असतं) गेला, व्यतिरेकही (हे नसलं की ते नसतं) गेला.

माळेला हात लावायचं कारण नाही. फक्त ताजी असताना ती अँटेनावर लोंबत असेल तर जरा सरकवावी. ओल्या फुलांतलं पाणी या लहरी थोड्या शोषून घेतं.