सत्य कोणाचें?

ओळखीचें कोणी भेटूं नये म्हणून वसईहून दादर व तेथून शीव असा प्रवास करून, आईबरोबर लोकमान्य टिळक रुग्णालयांतून औषध नेणारा एखादा मुलगा वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. तेरावें लागलें कीं तो विचारणारच, ‘ताप नाहीं, खोकला नाहीं, मग या गोळ्या कशाच्या?’

1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांत एच.आय.व्ही.वरील औषधें मोफत मिळूं लागलीं, आणि जन्मतःच विषाणु घेऊन आलेलीं मुलें वयांत येऊं लागलीं. बालरोगतज्ज्ञापुढें त्यामुळें मात्रेच्या कोष्टकांत न सांपडणारा प्रश्न आला: मुलाला सांगावें कीं नाहीं?

पालकांचा नकार केवळ अज्ञानाचा नसतो. मुलाला सांगणें म्हणजे आईनें स्वतःचीच कहाणी उघड करणें. शिवाय चाळींत बोभाटा होण्याचें भय. तें भय पोकळ म्हणण्याचा अधिकार आम्हां पांढरपेशांस तर मुळींच नाहीं. तरीही गोळ्या वरचेवर चुकल्यास विषाणु औषधाला दाद देईनासा होतो, आणि कारण न कळलेली शिस्त त्या वयांत किती दिवस टिकणार? उद्यां तो कोणाच्या प्रेमांत पडला तर?

2017 च्या कायद्यानें अशा बाधित कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या, 12 ते 18 वयाच्या समंजस भावंडाला धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठीं व उपचारांसाठीं पालक होण्यास पात्र मानिलें आहे. धाकट्याच्या औषधासाठीं सही करणाऱ्यास स्वतःच्या औषधाचें नांव कळूं नये, हा कुठला न्याय?

शिकाऊ डॉक्टरांस मात्रेइतकाच सांगण्याचा क्रमही शिकविला पाहिजे. सात-आठव्या वर्षीं ‘रक्तांतले शिपाई’ एवढेंच. बाराव्याच्या सुमारास रोगाचें नांव, तेंही आई शेजारीं बसलेली असतां.