हंगाम आणि नागरिकत्व

६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले, तेव्हा तरुण पिढीला राज्यकारभारात सामील करून घेण्याचे कार्य पार पडले अशी आपली समजूत झाली. परंतु हक्क बहाल होणे निराळे आणि तो बजावण्याची सवड व हिंमत लाभणे निराळे, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने बीड जिल्ह्यातील एखाद्या गावची २६ जानेवारीची ग्रामसभा पाहावी.

ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीच्या सुमारास जे बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रातील अथवा कर्नाटकातील साखर कारखान्याची वाट धरते, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही; त्यामुळे घरकुलाची यादी आणि रोजगार हमीची कामे चावडीवर वाचली जात असताना, ज्याच्यासाठी ती वाचावयाची तो अठरा-वीस वर्षांचा मुलगा कुठल्याशा फडात मोळ्या बांधीत असतो. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले, तेही या स्थलांतराच्याच दिवसांत.

राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत दिला, ती विसंगती आता तरुणांच्या मनात स्वभावाचे रूप घेते. ज्याच्या ओसरीवर सरपंच चहाला बसतात, त्याला तक्रार केली की दखल घेतली जाते हे बालपणापासून ठाऊक असते. जो जातीच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून तहसील कचेरीत खेटे घालतो आणि 'साहेब नाहीत, उद्या या' एवढेच ऐकून परततो, त्याला मध्यस्थाविना अर्ज हलत नाही हाच राज्यशास्त्राचा पहिला धडा मिळतो. अशा तरुणास आपण उदासीन ठरवितो, हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होय.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही १९२७ च्या मार्चमध्ये हजारो माणसे एकत्र चालत गेली तेव्हाच तो ठराव दफ्तरातून बाहेर पडला. कागदावरचा हक्क संघटित आचरणाने सजीव होतो, आणि त्या आचरणाला माणूस गावात हजर असावा लागतो. म्हणून घरकुलाची यादी व कामांचा आराखडा यांवरील निर्णय, फड उठून माणसे घरी आलेली असतात त्या १ मेच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि स्थलांतरितांची मुले गावातच राहून शिकतील अशी हंगामी वसतिगृहे नेमाने चालवावीत. एवढे केल्याखेरीज तरुणांच्या उदासीनतेविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस नाही.