छडीची परवानगी कोणी दिली?



मुलाला शाळेत घालताना आपल्यातले कित्येक बाप आजही गुरुजींना सांगतात, "मारा, झोडा, पण पोराला शिकवा." यात मायाच असते. शिक्षणाशिवाय गत्यंतर नाही हे बाबासाहेबांनी सांगितले; त्या शिक्षणाची किंमत म्हणून बाप पोराची पाठ पुढे करतो. पण ती पाठ देऊन टाकण्याचा अधिकार बापाला आहे काय?

कायदा म्हणतो, नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. पालकाची संमती असली तर चालेल, अशी सवलत त्यात नाही. आणि मानसिक छळ म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. पाठीवर एकही वळ न उठता लेकराचे मन ठेचता येते.

तथागतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी समजाविले तेव्हा हाती काठी घेतली नव्हती. भांड्यात थोडेसे पाणी ठेवून ते मुलालाच विचारू लागले, हे पाणी किती थोडे उरले आहे, दिसते ना? मारलेले पोर खोटे सोडत नाही, ते लपवायला शिकते. आणि इथेच खरा धोका आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील किती तरी मुले घरापासून दूर वसतिगृहात, आश्रमशाळेत राहतात. आईबापांची भेट सणासुदीला. २०१९ साली राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात लहान आदिवासी मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेही मुलींना रुग्णालयात न्यावे लागले तेव्हा. त्या मुली आपल्या नव्हेत, असे कोणी म्हणू नये.

पॉक्सो कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे माहीत असून जो कळवीत नाही, त्यालाही या कायद्यात शिक्षा आहे. संस्थाप्रमुखाने दडविले तर अधिक. २०२२ साली शासनाने शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्यास सांगितले. २०२४ च्या बदलापूर प्रकरणानंतर कॅमेरे, तक्रारपेटी यांचे आदेश निघाले. बरे झाले. परंतु पेटीत चिठ्ठी टाकणार कोण? मोठ्यांचा मार निमूट सोसावा, असे घरीच शिकलेले मूल? गुरुजींनी हात लावला तर चूक तुझीच असेल, असे ज्याला आईनेच सांगितले, ते मूल?

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात. आपल्या गावच्या समितीत आपल्यापैकी कोण आहे, ते विचारा. केवळ सहीपुरती नावे असतील तर सभेला स्वतः जा. मूल वसतिगृहात असेल तर पुढच्या भेटीला त्याला फाटकाबाहेर झाडाखाली घेऊन बसा. अधीक्षकासमोर नव्हे. गुण किती पडले हे मागाहून विचारता येईल. आधी विचारा, इथे तुला कोणाची भीती वाटते काय?