पूल, प्रवासी आणि प्रमाद

सन 1942 च्या ऑगस्टात, ‘छोडो भारत’ लढा पुकारला जाताच, महात्मा गांधी आणि महादेवभाई देसाई आगाखान महालात बंदिवान झाले, त्याच महिन्याच्या पंधरा तारखेला महादेवभाईंचा तेथेच अंत झाला, आणि ‘हरिजन’ पत्राची जबाबदारी ज्यांच्या शिरावर आली त्या किशोरलाल मशरूवालांनी, ज्यांच्या अहिंसानिष्ठेविषयी शत्रूलाही शंका घेता आली नसती अशा त्या साधुपुरुषाने, एका लेखात असा अभिप्राय दिला की, तारा तोडणे, रूळ उखडणे आणि लहान पूल नष्ट करणे ही कृत्ये, मनुष्याच्या जीविताला धोका पोहोचू नये याची पुरेपूर तजवीज केलेली असेल तर, अशा लढ्यात आक्षेपार्ह मानता येणार नाहीत. पुढे 1943 च्या फेब्रुवारीत सरकारने काँग्रेसवर आरोपपत्र म्हणून जी पुस्तिका प्रसिद्ध केली तीत या लेखाचा पुरावा पुढे करण्यात आला. सरकारचा हेतू राजकीय होता. परंतु ज्या प्रश्नावर त्याने बोट ठेवले तो धर्माचा प्रश्न होता आणि तो अद्याप मिटलेला नाही.

हा प्रश्न सातारकरांना व सांगलीकरांना परका नाही. ज्या जुन्या सातारा जिल्ह्यातून 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 साली सांगली हे नाव पावला, त्या अखंड जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सत्तेला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. तारा तुटल्या, सरकारी बंगले जळाले. पुणे–मिरज हा त्या काळचा मीटरगेज लोहमार्ग तर या प्रदेशाचा कणाच होता. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी गावे ओवीत तो कृष्णेच्या खोऱ्यातून खाली उतरे. सरकारचा हुकूम, शिपाई आणि खजिना याच मार्गाने येत. म्हणून या मार्गावर घाव घालावा हे कोणाही लढवय्याला सुचणे स्वाभाविक होते.

पण त्याच मार्गाने आणखीही कोणी येत. मिरजेच्या मिशन इस्पितळाकडे निघालेला रोगी, सांगलीच्या पेठेत हळद विकून परतणारा शेतकरी, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, मिरजेहून पंढरीची छोटी गाडी गाठू पाहणारी म्हातारी वारकरीण, ही माणसे डब्यात डुलक्या घेत असत. लोखंडी तुळयांवर आडवे टाकलेले लाकडी स्लीपर, त्यांवर रूळ, आणि खाली ओढा किंवा नदी, एवढ्यावर त्यांचा भरवसा असे. स्लीपरांना आग लागली तर रुळांचे सांधे सुटतात आणि रूळ निराधार होतात, हे इंजिनात बसलेल्या माणसाला दुरून कळण्याचा मार्ग नसतो. पूल न पाहताच मनुष्य त्यावर देह सोपवतो. म्हणूनच पुलाला लावलेली आग ही केवळ लाकडाला लावलेली आग आहे, जड वस्तूत प्राण नाही म्हणून तिच्या नाशात हिंसा नाही, हा युक्तिवाद मला कधीच पुरेसा वाटला नाही. तार तुटली तर निरोप अडतो आणि कचेरी जळाली तर दप्तर जाते, परंतु पूल जळाला तर पुढच्या गाडीचे काय होईल हे त्या क्षणी अनिश्चित राहते; आणि या अनिश्चिततेतच सारा नैतिक प्रश्न साठलेला आहे.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्माची योग्यता त्याच्या बाह्य स्वरूपावरून न ठरवता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, असे जे प्रतिपादन केले, त्याचा आधार भूमिगत कार्यकर्त्यांपैकी अनेकांना होता, असे मानण्यास हरकत नाही. बुद्धी शुद्ध, स्वार्थ शून्य, हेतू लोकसंग्रहाचा. मग दोष कोठे राहिला? याच भूमीत, इस्लामपुरात राहून, आचार्य जावडेकरांनी गांधींचा सत्याग्रह आणि समाजवाद यांचा समन्वय घालण्यासाठी आयुष्य वेचले, यावरूनही हे कोडे किती निकटचे होते हे दिसते. परंतु बुद्धीची शुद्धता म्हणजे केवळ हेतूची शुद्धता नव्हे. फलाची आसक्ती सोडावी असे गीता सांगते ते आपल्या फलाविषयी. दुसऱ्यावर येणाऱ्या संकटाविषयी उदासीन व्हावे असे तिने कोठेही सांगितलेले नाही, आणि अनासक्तीच्या नावाखाली हा दुसरा अर्थ पुष्कळदा नकळत आत शिरतो.

येथे मला कृष्णाकाठच्या जैन परंपरेचे साहाय्य अधिक मोलाचे वाटते. सांगलीच्या परिसरात नांगर धरणारे जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि शेती म्हटली की जीवहत्या टळत नाही. म्हणून या परंपरेने गृहस्थापुढे अशक्य आदर्श ठेवून त्याला ढोंगी केले नाही, तर हिंसेचे चार प्रकार सांगितले. मारण्याच्या संकल्पाने केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी, आणि आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी. यांतील पहिली गृहस्थाला सर्वथा वर्ज्य आणि शेवटची मर्यादेने क्षम्य. परकीय सत्तेशी चाललेला झगडा या चौथ्या सदरात बसवता येईल. पण मग त्या गाडीतील वारकरीण कोणाची विरोधी? तिने कोणावर आक्रमण केले? प्रतिकाराची सवलत आक्रमकापुरती असते. तिच्या कक्षेत वाटसरू येत नाही.

शिवाय उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या केली तीत प्राणहरणाइतकेच महत्त्व प्रमादाला, म्हणजे असावधपणाला, दिले आहे. जैन मुनी चालताना पुढची भूमी न्याहाळीत चालतो आणि रात्री विहार करीत नाही, कारण पायाखाली काय येईल हे अंधारात दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याने पाऊल टाकू नये, इतका हा कठोर दंडक आहे. आणि पूल पेटवणारा नेमका रात्रीच निघतो, आग लावतो आणि पोलीस येण्यापूर्वी शेताशेतांतून दूर जातो. त्याचे कृत्य तेथे त्याच्यावाचून मागे राहते आणि, तो झोपलेला असताना, पहिल्या गाडीची वाट पाहते.

याच्याशी शेणोलीची घटना ताडून पाहावी. 7 जून 1943 रोजी कुंडलच्या तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाने, जी. डी. बापू लाड आणि ‘कॅप्टन भाऊ’ रामचंद्र लाड यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे नोकरांचा पगार घेऊन जाणारी गाडी शेणोलीजवळ अडवली आणि ती रक्कम प्रतिसरकारच्या कामासाठी नेली. तो पगार ज्यांच्या घामाचा होता त्या गँगमनांचा आणि खलाशांचा विचार या प्रसंगी मनात येतो आणि तो दडपून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तथापि आपल्या प्रश्नापुरता भेद असा की, तेथे माणसे गाडीसमोर उपस्थित होती. जे घडेल ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडणार होते, काही विपरीत होऊ लागले तर हात आखडता घेणे त्यांच्या स्वाधीन होते, आणि गोळी सुटली असती तर ती प्रथम त्यांनाच लागली असती. कर्ता आपल्या कृत्यापाशी हजर होता. आजही या मार्गावर, तो रुंद होऊन कोयना आणि महालक्ष्मी एक्सप्रेस त्यावरून धावू लागल्यावर, ‘रेल रोको’ करणारा आंदोलक रुळांवर स्वतः बसतो, तेव्हा प्रवाशांचे हाल होतात, कोणाची परीक्षा बुडते, कोणाचा रोगी खोळंबतो, आणि त्याबद्दल त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण तो जाब विचारायला समोर माणूस असतो.

सरकारच्या त्या पुस्तिकेला दिलेल्या 15 जुलै 1943 च्या आपल्या दीर्घ उत्तरात गांधीजींनी किशोरलालभाईंच्या निष्ठेची ग्वाही दिली, पण त्यांचे मत मात्र स्वीकारले नाही. जनसमूहाकडून अशी कृत्ये अहिंसेने पार पडतील अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे सुटकेनंतर 1944 च्या जुलैत ते प्रकृतीसाठी सातारा जिल्ह्यातीलच पाचगणीस राहिले असता त्यांनी भूमिगतांना गुप्तता सोडून उघड होण्याचा सल्ला दिला. साताऱ्याच्या बहुतेक कार्यकर्त्यांनी तो मानला नाही, आणि त्यांना दोष देण्यास माझी वाणी धजत नाही. कारण उघड उभे राहिल्यावर काय होते हे या भूमीने पाहिले होते. 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर निःशस्त्र मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात अशाच गोळीबारात किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांनी देह ठेवला. ज्यांनी हे पाहिले त्यांनी अंधाराचा आश्रय केला तर त्यात भित्रेपणा शोधणे हा अन्याय होईल.

तरीही वडूजच्या मोर्चाने पत्करलेला धोका आणि पेटत्या पुलाने निर्माण केलेला धोका यांतील अंतर मला बुजवता येत नाही. परशुराम घार्ग्यांनी मरणाचा संभव स्वतःकडे ओढून घेतला. पूल पेटवणारा तो संभव अनोळखी माणसाकडे सरकवतो, आणि त्या माणसाची संमती त्याने घेतलेली नसते. किशोरलालभाईंनी घातलेली तजविजेची अट मी अक्षरशः घेतो, तेव्हा ती एकाच रीतीने पुरी होताना दिसते: पुलाच्या दोन्ही बाजूंना, ड्रायव्हरला गाडी थांबवण्यास पुरेल इतक्या अंतरावर, कोणीतरी लाल कंदील घेऊन गाडी येईपर्यंत उभे राहिले पाहिजे. तो कार्यकर्ता पकडला जाणार हे जवळजवळ निश्चित. पण तो न उभा राहिला तर पुलाचा जाब गावाला सामुदायिक दंडाच्या रूपाने आणि रात्रपाळीच्या गँगमनाला फटक्यांच्या रूपाने द्यावा लागणार, प्रवाशाला तर प्राणांनिशी. ज्या संघटनेपाशी कंदील धरण्यास तयार अशी दोन माणसे आहेत, तिच्या हातातील काडीविषयी मी किशोरलालभाईंच्या बाजूने बोलेन. जिच्यापाशी ती नाहीत, तिच्याविषयी गांधीजींच्या.