पाहुणा आणि परवाना

फुटबॉल हा गोरगरिबांचा खेळ आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा एवढ्या भांडवलावर तो जगभर वाढला. परंतु त्याच खेळाचा जागतिक उत्सव पाहण्यासाठी परदेशी जावयाचे ठरविले की कागदांचे राज्य सुरू होते. पारपत्र हवे, व्हिसा हवा, बँकेतील शिल्लक दाखवावयास हवी, परत येण्याची खात्री पटवून द्यावयास हवी. सामन्याचे तिकीट हाती असले, तरी सीमा ओलांडण्याचा परवाना त्याने मिळत नाही. ज्याने जगाला निमंत्रण धाडले, त्यानेच दारात उभे राहून काहींना परत पाठवावे, हे कितपत न्याय्य आहे? हा प्रश्न वरकरणी प्रवाशांच्या सोयीगैरसोयीचा वाटतो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे.

अलीकडच्या तीन विश्वचषक स्पर्धांत हे दार तीन तऱ्हांनी उघडले. २०१८ साली रशियाने तिकीटधारकांना एक ओळखपत्र दिले व त्याच्या आधारे व्हिसाशिवाय प्रवेश दिला. २०२२ साली कतारमध्ये 'हय्या' नावाच्या कार्डाने हेच काम केले. २०२६ च्या स्पर्धेचे यजमानपद अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन राष्ट्रांकडे गेले. तेथे प्रत्येकाचे नियम निराळे. पहिली दोन राष्ट्रे अधिक उदार होती, असा याचा अर्थ नव्हे. कतारची मैदाने उभारताना परदेशी मजुरांनी सोसलेले हाल जगाला ठाऊक आहेत, आणि त्या मजुरांत आपले भारतीय बांधवही होते. अर्थ इतकाच की, दार किती उघडावयाचे हे पुष्कळदा यजमानाच्या इच्छेवर अवलंबून असते.

राष्ट्राला दारावर चौकशी करण्याचा अधिकार नाही, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकविलेले नाही. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ सालच्या आपल्या 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात, योग्य कारण असता दुसऱ्या देशात जाण्याचा माणसाचा हक्क मान्य केला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने त्याची दुसरी बाजूही मांडली. संपन्न राष्ट्रांनी परक्याला आपल्या शक्तीप्रमाणे सामावून घ्यावे, शासनाने सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालाव्यात, आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, असा तो समतोल आहे. तेव्हा अट असावी की नसावी हा वादच नाही. अट कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हा खरा वाद आहे.

अमेरिकेच्या कायद्यात तात्पुरत्या भेटीसाठी येणारा बहुतेक प्रत्येक अर्जदार हा कायमचा राहावयास येत आहे, असे आधी मानले जाते; तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. न्यायालयात आरोपीला गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतात. येथे पाहुण्याला हेतू सिद्ध होईपर्यंत संशयित मानतात. मग तो हेतू सिद्ध करावयाचा कशाने? घर, शेती, नोकरी, ठेवी यांनी. म्हणजे ज्याच्यापाशी मागे ठेवून जाण्यासारखे काही नाही, त्याच्या शब्दालाही किंमत उरत नाही. दारिद्र्य हाच जणू त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने काही देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश काढला. त्यांत इराण व हैती हे दोन्ही देश होते, आणि दोघांचेही संघ विश्वचषकासाठी पात्र ठरले. खेळाडू, प्रशिक्षक व त्यांचे निकटचे नातलग यांना आदेशातून सूट मिळाली. सामान्य चाहत्याला मिळाली नाही. ज्याचे कौशल्य आपल्या उत्सवाला उपयोगी, तो आत. ज्याच्यापाशी केवळ प्रेम आहे, तो बाहेर. येथे माणसाचे वर्तन तपासलेले नाही, केवळ त्याची जन्मभूमी तपासली आहे.

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे केळझर हे महाभारतातील एकचक्रनगरी होय, अशी परंपरा आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव येथे वेष पालटून राहिले. ज्या ब्राह्मण कुटुंबाने त्यांना आसरा दिला, त्याने कुळाचा दाखला मागितला नाही. आजच्या सीमेवरील अधिकाऱ्याने त्यांना निश्चित अडविले असते. खोटी ओळख, ठावठिकाणा नाही, भिक्षेवर उदरनिर्वाह! पण बकासुराकडे माणूस पाठविण्याची पाळी त्या घरावर आली, तेव्हा कुंतीने आपला भीम पुढे केला. निराधार पाहुणाच घराचा आधार ठरला. प्रत्येक अनोळखी माणूस भीम नसतो, हे खरे. परंतु प्रत्येकाला बकासुर समजून दार लावणारे घर भीमालाही मुकते. मम्रेच्या वृक्षांपाशी आब्राहामाने तीन वाटसरूंचे पाय धुण्यास पाणी मागविले, तेव्हा तो कोणाचे आदरातिथ्य करीत आहे हे त्यालाही ठाऊक नव्हते.

ज्या गांधीजींनी १९३६ साली आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला मुक्काम केला, त्यांचा पहिला मोठा लढा ओळखपत्राचाच होता. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती झाली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीपुढे दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच वर्षी त्यांनी स्वेच्छेने नोंदणी करण्याचे मान्य केले होते व स्वतः केलीही होती. त्यांचा विरोध कागदाला नव्हता; संपूर्ण समाजाला जन्मतः संशयित ठरविणाऱ्या सक्तीला होता. न्याय्य अट आणि अपमान यांतील सीमारेषा याहून स्पष्ट कोण दाखवील?

आणि कागद नसलेल्यांचे काय? नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविले. त्यांच्या कार्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. त्यात परदेशी खेळावयास निघालेल्या मुलांपुढचा कठीण प्रतिस्पर्धी मैदानावर नाही, तो पारपत्राच्या अर्जात आहे. ज्याला घरच नाही, त्याने पत्ता कोणता लिहावा? संत पौलाने आपले रोमन नागरिकत्व सांगताच फटके मारावयास आलेले शिपाई मागे सरले. नागरिकत्वाचे हे बळ फार मोठे. पण ते ज्याला लाभलेले नाही, त्याची पाठ तेवढ्यानेच फटक्यांना पात्र ठरत नाही.

वाचकहो, दुसऱ्या राष्ट्रांचे दोष मोजणे सोपे आहे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे क्रिकेट विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना झाला. मैदान प्रेक्षकांनी भरलेले होते. पाहुण्या संघासाठी टाळी वाजविणारे मात्र जवळजवळ कोणीच नव्हते, कारण सीमेपलीकडच्या चाहत्यांना व्हिसा मिळालेला नव्हता. दोन देशांतील वैराला कारणे आहेत, रक्तही सांडलेले आहे. ते विसरा असे कोणी म्हणणार नाही. तरीही निमंत्रण देणाऱ्यावर, न देणाऱ्यापेक्षा अधिक ऋण असते. माणसागणिक चौकशी जरूर करावी. जन्मभूमी पाहून सर्वांनाच वगळू नये. तेवढी तयारी नसेल, तर 'सारे जग आमचे पाहुणे' ही घोषणा तरी करू नये.

आणि राष्ट्राचे दार म्हणजे शेवटी आपल्याच दारांची बेरीज. कापूस वेचावयास आलेल्या परमुलखातील मजुराला आपण गावात कोणत्या नजरेने पाहतो? शहरात भाड्याची खोली देताना आडनाव का विचारतो? अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू आपणास परक्याला दिलेल्या आसऱ्याचा हिशेब विचारणार आहे, आणि तो परका म्हणजे आपणच होतो, असे सांगणार आहे. त्या दारावर आपणही घर, शेती, ठेवी यांचे कोणतेही कागद न घेता उभे राहणार आहोत. तेथे संशयाच्या मापाने आपले मोजमाप होऊ नये असे वाटत असेल, तर येथे ते माप आपण आधी खाली ठेवावयास हवे.