कृत, कारित, कोटेशन

मुंबई-पुण्यात कुणी जुन्या फ्लॅटचं काम काढलं, की पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्या घरात एक वाक्य ऐकू येतं: कॉन्ट्रॅक्टरने फसवलं. वाक्य बहुधा खरंही असतं. बाथरूमची जुनी लादी उखडली जाते, खालचा खोलगट स्लॅब मोकळा होतो, त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर चढतात, पाणी भरून एक-दोन दिवस ते कुठे उतरतं का हे पाहिलं जातं, मग कोबा आणि सर्वांत शेवटी टाइल. तीन थरांऐवजी दोन दिले, पहिला वाळण्याआधीच दुसरा मारला किंवा पाण्याची चाचणी संध्याकाळी सुरू करून सकाळीच आटोपली, तरी टाइल बसल्यावर दोन्ही बाथरूम सारखीच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतावर, तोही उशिरा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात गायजीसच्या अंगठीची कथा येते. तिचा खडा आतल्या बाजूला फिरवला की माणूस अदृश्य होतो, आणि प्रश्न उभा राहतो की कुणीच पाहत नसेल तर माणूस न्यायाने का वागेल? ही अंगठी आपण नेहमी कॉन्ट्रॅक्टरच्या बोटात पाहतो. माझं म्हणणं असं की घरमालकाकडेही तशीच एक अंगठी असते. कॉन्ट्रॅक्टर ती दुसऱ्यांना दिसू नये म्हणून वापरतो, मालक स्वतःला दिसू नये म्हणून. आणि नीतीच्या दृष्टीने न पाहणं हेही कर्मच आहे.

यासाठी लागणारी विचारसामग्री आपल्याकडे फार जुनी आहे. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केल्यावर ज्यांना संमती दिली ते. कृत, कारित आणि अनुमोदित. जैन आचारशास्त्रातही हेच त्रिकूट आहे, आणि मुनीचं महाव्रत या तिन्हींचा त्याग मागतं. हात माझे नव्हते, ही सबब तिथे चालत नाही. सूत्रकार दोषांच्या मुळाशी लोभ, क्रोध आणि मोह ठेवतात. आपल्या विषयात क्रोध नंतर येतो. लोभ आणि मोह कोटेशनच्या कागदापाशीच हजर असतात.

तो कागद नीट वाचला पाहिजे. एकाच कामाची तीन कोटेशनं येतात. दोन एकमेकांच्या जवळपास, तिसरं त्यांच्याहून बरंच खाली. सिमेंटची गोणी, पाइप, टाइल, रसायनाचा डबा यांचे बाजारभाव तिघांनाही जवळपास सारखेच, आणि त्याच नाक्यावरून तिघेही बिगारी आणतात. मग तिसऱ्याची बचत येते कुठून? कधी तो खरोखरच कामात तरबेज असतो, कधी त्याच्याकडे आदल्या कामाचं सामान उरलेलं असतं, कधी नवखा असल्यामुळे नफा सोडून काम मिळवत असतो. या शक्यता सोडल्या तर काटछाट व्हायला चारच जागा उरतात: टाइलखालचा माल, मजुराची मजुरी, थर वाळायला लागणारा वेळ आणि डेब्रिज कुठे टाकायचं ते. चारही मालकाच्या नजरेआडच्या. त्यामुळे काहीही न विचारता सर्वांत कमी आकड्यावर सही करणं म्हणजे बोलून न दाखवता दिलेली सूचनाच असते: कुठे वाचवायचं ते तू बघ, मला सांगू नकोस. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये दाखवलं की ग्राहकाला प्रत ओळखता येत नाही तिथे वाईट माल चांगल्याला बाजारातून हाकलतो. 1973 मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी आणखी अवघड जातीच्या सेवांबद्दल लिहिलं. त्यांची प्रत विकत घेतल्यानंतरही सहज कळत नाही, आणि दुरुस्तीची कामं याच जातीची. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच फसवणुकीच्या ‘इष्टतम प्रमाणा’चा उल्लेख आहे! विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतो. प्रामाणिक कारागीर बाजारातून हटतो तो बेइमान कारागिरामुळे जितका, तितकाच त्याचं कोटेशन न वाचता बाजूला सारणाऱ्या ग्राहकामुळे.

आणि या व्यवहारात सोसणारे फक्त मालक नसतात. ग्रॅनाइट किंवा टाइल कोरड्या ग्राइंडरने कापली की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पाणी सोडून कापलं तर धूळ बरीच कमी होते, पण वेळ लागतो, राडा होतो, आणि वेळ म्हणजे दर. अनेक सोसायट्यांत मजुरांना लिफ्ट वापरायला मनाई असते. सिमेंटच्या गोण्या जिन्याने वर जातात, फुटलेली लादी जिन्यानेच खाली येते. ही मनाई कॉन्ट्रॅक्टरची नसते, घरमालक ज्या सभेचे सभासद असतात तिची असते. बांधकाम मजुरांसाठी 1996 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करवणाऱ्या व्यक्तीला कक्षेबाहेर ठेवलं होतं. सवलत व्यवहार्य असेल, पण तिचा अर्थ असा की स्वयंपाकघर नवं करणाऱ्या सामान्य घरात मजुराची काळजी मालकाच्या सद्सद्विवेकावरच सोडलेली होती. डेब्रिजचं उलट आहे. 2016 च्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी प्राथमिक जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली. तरी मुंबईच्या खाडीकाठी कांदळवनात रात्री गोण्या रिकाम्या होतात, आणि त्यातल्या फुटक्या टाइल कुणाच्या तरी न्हाणीघरातूनच आलेल्या असतात. जीव जाण्यापर्यंत गोष्ट गेल्याचंही उदाहरण आहे. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून 17 जण मेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी कुठल्याच करारावर सही केलेली नव्हती.

मालक, कॉन्ट्रॅक्टर आणि मजूर या त्रिकोणाकडे जुन्या कायद्यांनी कसं पाहिलं ते बघण्यासारखं आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या संहितेत घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड आहे, मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. भिंत कलली तर ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यायची. दोष सगळा एका बाजूला, आणि बांधताना मजूर मेला तर काय, याबद्दल त्या कलमांत अवाक्षर नाही. कौटिल्य अधिक सावध आहे. काम ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळात करावं, उशीर झाला तर मजुरीचा चौथा हिस्सा कापून त्याच्या दुप्पट दंड, सांगितलं त्याहून वेगळंच करून ठेवलं तर मजुरीच गेली आणि वर दंड, असं तो म्हणतो खरं, पण संकट ओढवलं असेल तर सूट देतो. स्मृतिकारांनी वादाच्या अठरा विषयांत मजुरी न देणं हा स्वतंत्र विषय धरला, म्हणजे काम देणाराही आरोपीच्या जागी उभा राहू शकतो हे त्यांना मान्य होतं. महाराष्ट्राच्या स्मृतीत मात्र याहून बोलकं उदाहरण आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते ढासळलं आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखामेळा गेले. साल 1338. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, महाद्वारासमोर समाधी झाली. ते गावकूस कुणी बांधायला काढलं होतं, त्याने घाई केली होती का, पाया पाहिला होता का, हे कुणी विचारत नाही. मेलेल्याचं संतत्व आपण जपलं, करवणाऱ्याचं कर्तेपण विसरलो.

विशेष म्हणजे आपले घरगुती विधी ते विसरलेले नाहीत. वास्तुशांतीमागे एक समजूत अशी सांगितली जाते की घर उभारताना खणण्या-तोडण्यात जे जीव दुखावले, मेले, त्याबद्दलची ही क्षमायाचना. ती कोण करतो? गवंडी करत नाही, यजमान करतो. हातोडा ज्याच्या हातात नव्हता तो पाटावर बसतो, कारण विधीच्या दृष्टीने कर्ता तोच आहे. मात्र त्याच विधीच्या मुहूर्तासाठी, पाडव्याच्या आत घर ताब्यात हवं म्हणून, वॉटरप्रूफिंगला वाळायला हवे असलेले दिवस काढून घेतले जातात. धर्माला यात विनाकारण ओढलं जातं असं म्हणण्यापेक्षा धर्म इथे अर्धाच वाचला जातो असं म्हणणं योग्य ठरेल.

यावर पहिला आक्षेप अज्ञानाचा. बँकेत किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला रसायनाचे थर काय कळणार? जे कळत नाही त्याची जबाबदारी कशी? आक्षेप वजनदार आहे, आणि तंत्राच्या अज्ञानापुरता मी तो मान्य करतो. पण न कळणं आणि न विचारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा दर इतरांहून कमी कसा, थर किती आणि कोणत्या कंपनीचे, पाणी किती तास भरून ठेवणार, खालच्या घरात जाऊन बघू का, मजुरांना रोज काय देता, डेब्रिज कुठे जातं, यांतल्या एकाही प्रश्नाला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. उत्तर खोटं मिळेलही. मग दोष खोटं सांगणाऱ्याचा. शिवाय टाइलचा रंग निवडायला चार दुकानं पालथी घालणाऱ्याने चाचणीचं पाणी बघायला वेळ नव्हता म्हणावं, हे जरा जडच जातं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला पहिल्याहून अवघड वाटतो. कर्ज काढून गळकं न्हाणीघर दुरुस्त करणाऱ्याने सर्वांत स्वस्त माणूस घेतला तर त्याला नीतीचे धडे द्यायचे? तंगीमुळे दोषाची तीव्रता कमी होते, यात शंका नाही. पण तंगीला दोन वाटा असतात: काम कमी करायचं किंवा दर पाडायचा. यंदा एकच न्हाणीघर, स्वयंपाकघराला जुनाच ओटा, फॉल्स सीलिंग नाहीच, हा पहिला मार्ग आणि त्याची झळ मालक स्वतः सोसतो. सगळं हवं, तेही शेजाऱ्याने दिलेल्या पैशांत, हा दुसरा, आणि त्याची झळ न दिसणाऱ्या कुणाला तरी लागते. व्यवहारात खऱ्या गरिबीचा प्रश्न क्वचित येतो. बहुतेक वेळा इटालियन मार्बलसारखी दिसणारी टाइल आणि दुय्यम दर्जाचे पाइप एकाच यादीत असतात.

तिसरा आक्षेप असा की हा युक्तिवाद लबाड कॉन्ट्रॅक्टरला सोडून देतो. मालकही दोषी म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर अर्धाच दोषी उरतो. हे गणित चुकीचं आहे. कृत आणि कारित हे एकाच दोषाचे दोन तुकडे नाहीत. करवणारा आहे म्हणून करणाऱ्याचं कमी होत नाही. ज्याने तीन थरांचे पैसे घेऊन दोन दिले त्याने फसवलं, मग समोरचा कितीही घासाघीस करणारा असो. परवडत नसेल तर काम नाकारायचं स्वातंत्र्य त्यालाही होतं. नाक्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्याला तेवढं स्वातंत्र्य नसतं, म्हणून त्याला मी या हिशेबात धरत नाही.

उरतो तो व्यवहारी माणसाचा आक्षेप: पक्का करार करा, हप्ते ठरवा, बाकी तत्त्वज्ञान कशाला? करार हवाच. हॉब्जने ओळखलं होतं की दोघांपैकी जो आधी आपली बाजू पार पाडतो तो दुसऱ्याच्या हाती सापडतो, आणि कामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्ते देणं हा त्यावरचा शहाणा तोडगा आहे. पण करार दोघांतच होतो. धूळ गिळणारा, खालच्या मजल्यावरचा आणि खाडी, तिघंही त्याच्या बाहेर. शिवाय नव्या इमारतीच्या प्रवर्तकाला 2016 च्या रेरा कायद्याने कामातल्या दोषांसाठी पाच वर्षं बांधून ठेवलं. घरात फेरफार करणाऱ्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरवर तशी सक्ती नाही. त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, पण न्हाणीघराच्या गळतीसाठी तारखा मोजायला किती जण तयार होतात?

आणि करार मोडण्यात मालक मागे नसतात. काम झाल्यावर एका दाराचं पॉलिश आवडलं नाही म्हणून शेवटचा हप्ता अडवणं ही नित्याची गोष्ट आहे. दोषदुरुस्तीसाठी काही टक्के रक्कम ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवायचं आधीच लिहिलेलं असेल तर ती राखणं न्याय्य. न लिहिता अडवणं म्हणजे स्मृतिकारांनी वेगळा काढलेला तो मजुरीचा वादच. तोंडी सांगून वाढवलेल्या कामाचं तसंच. 1872 च्या करार कायद्याचं सत्तरावं कलम म्हणतं की फुकट करण्याचा हेतू नसताना कुणी कायदेशीरपणे केलेल्या कामाचा फायदा घेतला तर भरपाई द्यावी लागते. पण हे कलम माहीत असलेला सुतार सापडणं कठीण. तो हप्ता अडला की कॉन्ट्रॅक्टर मुकादमाचे पैसे अडवतो, मुकादम बिगाऱ्याचे, आणि बिगारी तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. त्याला मालकाचं नाव ठाऊक नसतं, मालकाला त्याचं.