अंदाजाचा सौदा

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. या यात्रेतला बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो: आदत, दुसा की चौसा. मग खूर, खांदा, वशिंड. दहा पावलं चालवून चाल बघतो. एवढं झाल्यावर त्याच्या मनात एक आकडा बसतो, आणि भावाची बोलणी त्यानंतर सुरू होतात. आपल्याकडच्या बैलबाजारांत ती रुमालाखाली बोटं धरून करायचीही जुनी रीत आहे. जनावर केवढ्याचं हे एक, आणि ते केवढ्याला पटवायचं हे दुसरं. बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

याच ठाणे जिल्ह्यात ऐरोलीच्या काचेच्या इमारतींतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मात्र या दोन्हींची रोज खिचडी होते. ‘या कामाला किती वेळ लागेल?’ ‘तीन महिने.’ ‘दोनात बसव ना!’ पोरगा ‘बघतो सर’ म्हणतो आणि बैठक संपते. भाव पाडला तर विकणारा आपल्या नफ्यातून सोसतो. कामाचे दिवस कशातून सोसायचे? बहुतेक वेळा चाचणीतून. पुढच्या खेपेला पोरगा हुशार होतो आणि तीनाचे पाच सांगतो. साहेब त्याहून हुशार, ते पाचाचे तीन करतात. गंमत म्हणजे आकडा जागच्या जागी येतो, पण आता त्याचा कामाशी काही संबंध राहिलेला नसतो.

अंदाज बांधण्याच्या पद्धतींची वाण आहे असं नाही. आयबीएमच्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये ‘फंक्शन पॉइंट’ मांडले: प्रणालीत काय भरायचं, तिच्यातून काय काढायचं, काय साठवायचं, ते मोजा. बॅरी बोएम यांनी ६३ प्रकल्पांच्या नोंदींवरून १९८१ मध्ये ‘कोकोमो’ची सूत्रं दिली. त्यांतला खरा ऐवज घातांकात आहे. यंत्रसामग्रीशी घट्ट बांधलेल्या, कडक अटींच्या कामात कोडच्या दहा हजार ओळींना साधारण ५७ मनुष्य-महिने धरले, तर वीस हजार ओळींना ११४ नव्हे, सुमारे १३१ लागतात. काम दुप्पट झालं की माणसांची आपसातली बोलाचाली त्याहून जास्त वाढते. हे सूत्र मला पटतं. अडचण एवढीच की ओळी किती होतील हेच आधी ठाऊक नसतं. एका अंदाजावर दुसरा अंदाज चढवायचा आणि उत्तर दशांशात द्यायचं, हा प्रकार आमच्या धंद्यात सर्रास चालतो.

शिवाय कष्ट कुठे दडलेत हे सूत्राला दिसत नाही. सातबाऱ्याचं घ्या. नुसता उतारा पडद्यावर दाखवायचा म्हटलं तर काम किरकोळ. पण हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांचा मेळ बसेना. कुठे नाव चुकलेलं, कुठे क्षेत्र. दुरुस्तीसाठी एडिट, मग री-एडिट अशी मॉड्यूल काढावी लागली, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करावं लागलं. जमीन अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा केंद्राचा कार्यक्रम २००८ चा. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा खुला झाला १ मे २०१८ रोजी. मधली वर्षं कोडच्या ओळी मोजून कोणाला सापडली असती? तलाठ्याच्या दप्तराचे दात आधी बघायला हवे होते.

मग नुसत्या नजरेवर भरवसा ठेवावा का? ठेवावा, पण अटीवर. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन यांनी त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधोमधचा अंदाज निघाला १२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन ११९८. खाटिक, शेतकरी, बघे, सगळे त्यात होते. पण प्रत्येकाने सहा पेन्स मोजून आपला आकडा आपल्या चिठ्ठीवर लिहिला होता. बैल छान दिसतोय म्हणून तो पंधराशे भरलाच पाहिजे, असं कोणी वरून सांगत नव्हतं. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये सुचवलेल्या ‘प्लॅनिंग पोकर’मध्ये हीच खबरदारी आहे. सगळ्यांनी पत्ते पालथे ठेवायचे, एकदम उघडायचे, आणि सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा सांगणाऱ्याने आधी बोलायचं. आपल्याकडे हा खेळ होतो, पण पत्ते वाटण्याआधीच साहेब म्हणतात, ‘मला वाटतं, आठवड्याभराचं काम आहे.’ त्यानंतर टेबलावर पाचाखेरीज पत्ता पडत नाही.

म्हणून या धंद्यातल्या तरुणांना एक विनंती. कोणी दिवस विचारले की आधी त्यालाच विचारा: अंदाज हवाय की शब्द? अंदाज हवा असेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही आकडे द्या आणि त्यावर घासाघीस होऊ देऊ नका. शब्द हवा असेल तर खुशाल घासाघीस करा, पण ती कामाच्या यादीवर. आणि काय वगळलं ते त्याच बैठकीत लिहून घ्या.